केंद्रकीय द्रव्याचं अवस्थांतर झालं, हे कळतं कसं?

सांगलीच्या एका एम.एस्सी.च्या विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: पाणी उकळताना तापमापी १०० अंशांवर थांबते, ते डोळ्यांना दिसतं. सोन्याची दोन केंद्रकं एकमेकांवर आदळली की जे काही होतं ते म्हणे सेकंदाच्या १० चा उणे २३ वा घात इतक्या वेळात आटोपतं. तिथे ना भांडं, ना तापमापी. मग अवस्थांतर झालं असं छातीठोकपणे कोण कशावरून सांगतं? एखादी पक्की खूण आहे का?

एकच अशी पक्की खूण नाही. कशावरून सांगतात, हा मात्र चांगला प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर पाठ्यपुस्तकात नीट मिळत नाही. मी मूळचा साताऱ्याचा. नोकरीतली बरीच वर्षं अशा टकरींच्या डेटाचं विश्लेषण करण्यात गेली, त्यातही प्रोटॉनच्या संख्येतले चढउतार मोजण्यात. त्यामुळे उत्तराचा झोक तिकडे जाईल, हे आधीच सांगतो.

तुम्हाला अडचण वेळेची वाटते आहे. माझ्या मते खरी अडचण दुसरीच आहे. घटना झटकन संपते म्हणून ती कळत नाही असं नाही. संपल्यावर बाहेर आलेले शेकडो-हजारो कण आपल्याला मिळतातच, आणि शोधक यंत्रं ते उत्तम मोजतात. प्रश्न असा की अवस्थांतर झालंच नसतं, तर हेच कण कसे दिसले असते? हे ज्याला माहीत नाही त्याला आलेखातला कुठलाही उंचवटा अवस्थांतर वाटू शकतो. या क्षेत्रातले निम्मे वाद इथेच होतात.

दुसरं म्हणजे, कुठलं अवस्थांतर? केंद्रकीय द्रव्यात दोन आहेत आणि लोक त्यांची सर्रास सरमिसळ करतात.

पहिलं कमी ऊर्जेचं. दोन न्यूक्लिऑनांमधलं (न्यूक्लिऑन म्हणजे प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन) बल थोड्या अंतरावर ओढणारं आणि फार जवळ गेलं की ढकलणारं असतं. पाण्याच्या रेणूंमधल्या बलाची जातही हीच. त्यामुळे केंद्रकीय द्रव्याला द्रव आणि वायू अशा दोन अवस्था असणार, हे अनुमान जुनं आहे. अमर्याद पसरलेल्या केंद्रकीय द्रव्यासाठी त्याचं क्रांतिक तापमान, म्हणजे ज्याच्या वर द्रव आणि वायू हा भेदच उरत नाही ते, १५ ते १८ एमईव्हीच्या आसपास येतं (एमईव्ही हे ऊर्जेचं एकक, इथे तापमानही त्यातच मोजतात). १९९५ मध्ये जर्मनीतल्या डार्मश्टाट इथल्या जीएसआय प्रयोगशाळेत अलादिन गटाने तुमच्या पाण्याच्या आलेखासारखाच आलेख काढून दाखवला. सोन्याची केंद्रकं दर न्यूक्लिऑनला ६०० एमईव्ही ऊर्जेने सोन्यावरच आदळवली, फुटलेल्या तुकड्यांतल्या हेलियम आणि लिथियमच्या समस्थानिकांच्या प्रमाणावरून तापमान काढलं, आणि दिसलं असं की दर न्यूक्लिऑनला ३ ते १० एमईव्ही इतकी उत्तेजन ऊर्जा वाढत गेली तरी तापमान ५ एमईव्हीच्या जवळपास घुटमळत राहिलं. पाणी उकळताना काटा थांबतो, तसाच हा काटा थांबला.

झालं सिद्ध? नाही. पाण्याचा काटा थांबतो कारण दाब बांधलेला असतो. महाबळेश्वरला पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं, कारण तिथे हवेचा दाब कमी. फुटणारं केंद्रक पोकळीत पसरत असतं. त्याच्यावर दाब कुणी धरून ठेवलेला नाही. शिवाय ऊर्जा वाढवली की उरलेला गोळा लहान होत जातो. म्हणजे आलेखाच्या डाव्या टोकाचा बिंदू मोठ्या थेंबाचा आणि उजव्या टोकाचा लहान थेंबाचा. वेगळी समस्थानिकं तापमापी म्हणून वापरली तर आकडेही थोडे वेगळे येतात. तुकड्यांच्या वस्तुमानाचं वितरण घातनियमाने जातं, म्हणजे वस्तुमान वाढलं की तुकड्यांची संख्या त्याच्या ठरावीक घाताने घटते, आणि घातांक २.२-२.३ च्या आसपास येतो, हाही पुरावा देतात. पण तसला घातनियम निव्वळ जाळ्याचे दुवे यदृच्छेने तोडत गेलं तरी मिळतो. तरीही आज बहुतेक जण द्रव-वायू अवस्थांतर मान्य करतात, कारण वेगवेगळ्या पद्धतींचे पुरावे एकाच दिशेला बोट दाखवतात. एकट्या पठारावर मी कुणाला विश्वास ठेवायला सांगणार नाही.

दुसरं अवस्थांतर जास्त गाजलेलं: प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या आतले क्वार्क आणि ग्लुऑन मोकळे होण्याचं. युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेने २००० च्या फेब्रुवारीत द्रव्याच्या नव्या अवस्थेची चिन्हं मिळाल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी अमेरिकेत ब्रुकहेवनला आरएचआयसी हा त्वरक सुरू झाला, आणि २००५ मध्ये तिथल्या चारही प्रयोगांनी सांगितलं की तयार होतं ते वायूसारखं विरळ नाही, जवळजवळ चिकटपणा नसलेल्या द्रवासारखं वाहतं. जोरदार ऊर्जेचे कण त्यातून जाताना अडखळतात. मध्यावर झालेल्या टकरींत ते अपेक्षेच्या सुमारे पाचव्या हिश्शावर येतात. कणांचा प्रवाह दिशेनुसार कमी-जास्त होतो, आणि ते द्रवगतिकीच्या गणितात बसतं. हे पुरावे भक्कम आहेत.

पण इथे एक गफलत होते, आणि तुमच्या प्रश्नातही ती थोडीशी आहे. नवी अवस्था सापडली याचा अर्थ अवस्थांतर सापडलं असा नाही. आरएचआयसीच्या सर्वोच्च ऊर्जेला किंवा सर्नच्या एलएचसी या त्वरकात जे घडतं तिथे उकळबिंदूसारखा टप्पाच नाही. लॅटिसवर, म्हणजे अवकाश आणि काळाचं जाळं कल्पून संगणकावर, केलेल्या गणनांनी २००६ मध्ये हे स्पष्ट केलं की प्रोटॉन आणि प्रतिप्रोटॉन जवळपास समसमान असतील तेव्हा हा बदल सलग होतो, लोणी उन्हात मऊ होतं तसा. तो घडतो १५६.५ एमईव्हीच्या आसपास, म्हणजे सुमारे १.८ लाख कोटी केल्विनला. सूर्याच्या गाभ्याच्या लाखपटीहून जास्त. तिथे सुप्त उष्णता नाही, काटा थांबणं नाही. तुम्ही शोधताय ती खूण तिथे असणारच नाही.

मग ती कुठे असेल? जिथे प्रोटॉन-न्यूट्रॉनची गर्दी जास्त तिथे. आलेखाचा उभा अक्ष तापमान आणि आडवा अक्ष बॅरिऑनचा रासायनिक विभव असा धरा (बॅरिऑन म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या जातीचे कण; प्रतिकणांपेक्षा ते जितके जास्त, तितका हा विभव मोठा). डावीकडे सलग बदल. उजवीकडे बऱ्याच सिद्धांतांच्या मते खरंखुरं पहिल्या प्रकारचं, म्हणजे पाणी उकळण्यासारखं, अवस्थांतर, आणि ती रेषा जिथे संपते तिथे क्रांतिक बिंदू. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत राजीव गवई आणि सौरेंदु गुप्ता यांनी लॅटिसवर रासायनिक विभवाच्या घातमालिका वापरून हा बिंदू कुठे असावा याचे अंदाज काढले, ते काम या शोधात अगदी सुरुवातीचं आणि महत्त्वाचं. अलीकडच्या अनेक गणना त्याला आणखी उजवीकडे, साधारण ५०० ते ६५० एमईव्ही विभवाजवळ ढकलतात. तो आहेच, असं मात्र अजून कुणी सिद्ध केलेलं नाही.

उजवीकडे जायचं तर टकरीची ऊर्जा वाढवायची नाही, कमी करायची. विद्यार्थ्यांना हे नेहमी उलटं वाटतं. प्रचंड ऊर्जेला दोन्ही केंद्रकं एकमेकांतून आरपार जातात आणि मधे उरतं ते नव्याने तयार झालेलं, ज्यात कण आणि प्रतिकण जवळजवळ सारखे. ऊर्जा कमी केली की मूळचे प्रोटॉन-न्यूट्रॉन मधेच अडकतात. आकड्यांत सांगायचं तर २०० जीईव्ही (१ जीईव्ही म्हणजे १००० एमईव्ही) टक्कर-ऊर्जेला विभव २० एमईव्हीच्या घरात असतो, ७.७ ला ४२० च्या आसपास, आणि ३ जीईव्हीला ७०० च्या पुढे. म्हणून ब्रुकहेवनच्या स्टार प्रयोगाने ऊर्जा टप्प्याटप्प्याने उतरवत नेली: पहिली फेरी २०१० पासून, दुसरी २०१९ ते २०२१. आपल्या हातात ही एकच कळ आहे. ती फिरवायची आणि काय बदलतं ते बघायचं. एका ऊर्जेवरच्या एका मोजमापाला जवळजवळ काही अर्थ नसतो.

बघायचं काय? क्रांतिक बिंदूजवळ दूरदूरचे कण एकमेकांशी जुळून वागू लागतात. ज्या अंतरापर्यंत ही जुळणी पोचते ती लांबी वाढते. म्हणून एकाच प्रकारच्या लाखो टकरींत दरवेळी किती प्रोटॉन आले याचं वितरण काढतात. सरासरी नव्हे, वितरणाचा आकार. वितरणाच्या आकाराची मापं म्हणजे क्युम्युलंट. रुंदी सांगणारा दुसरा क्युम्युलंट (प्रचरण) त्या लांबीच्या वर्गाने वाढतो, पण वितरणाच्या शेपटीला संवेदनशील असलेला चौथा क्युम्युलंट सातव्या घाताने. हे मिखाइल स्टेफानोव्ह यांनी २००९ मध्ये दाखवलं. सातवा घात म्हणजे लांबी दुप्पट झाली तर परिणाम १२८ पट. म्हणून सगळे त्या चौथ्या क्युम्युलंटच्या मागे लागले. चौथ्या आणि दुसऱ्या क्युम्युलंटचं गुणोत्तर घेतलं, तर कण एकमेकांशी काहीही संबंध न ठेवता येत असतील तेव्हा ते बरोबर १ येतं. ऊर्जा उतरवत गेल्यावर ते आधी १ च्या खाली आणि मग वर गेलं, तर क्रांतिक बिंदूचा संशय घ्यायचा.

इथून पुढे सगळी गंमत. आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की सांगलीत इशारा होतो. ते पाणी कोयनेतून सोडलेलं किती, कराडच्या वरच्या पावसाचं किती, हरिपूरला वारणेच्या फुगवट्याने अडलेलं किती, हे नुसती पातळी वाचून कुणाला सांगता येईल? विसर्ग झालाच नसता तर पातळी कुठे असती, ते आधी काढावं लागतं. चौथ्या क्युम्युलंटचं तसंच आहे. तो १ पासून ढळला म्हणून क्रांतिक बिंदू आला असं नसतं. त्याला ढळवणारी अगदी नीरस कारणं अर्धा डझन तरी आहेत.

सर्वांत मोठं कारण म्हणजे बॅरिऑन संख्येची अक्षय्यता. सोन्याच्या दोन केंद्रकांत मिळून ३९४ न्यूक्लिऑन. टकरीत काहीही होवो, ती बेरीज बदलत नाही. तुमच्या यंत्राने सगळेच्या सगळे पकडले तर चढउतार शून्य. अगदी थोडे पकडले तर ते स्वतंत्र असल्यासारखे दिसतील आणि गुणोत्तर १ येईल. खरं यंत्र या दोहोंच्या मधे असतं. साधी द्विपद वाटणी धरली, म्हणजे प्रत्येक न्यूक्लिऑन पकडला जाण्याची शक्यता सारखीच मानली, आणि पकडलेला हिस्सा p असेल, तर गुणोत्तर येतं १ उणे ६ गुणिले p गुणिले (१ उणे p). p दहा टक्के असेल तर ०.४६! एकाही रोमांचक गोष्टीशिवाय गुणोत्तर निम्म्याहून खाली. आणि ऊर्जा उतरवली की प्रतिप्रोटॉन नाहीसे होतात, मूळचे प्रोटॉन मध्यभागी साचतात, p आपोआप वाढतो. म्हणजे ऊर्जेनुसार गुणोत्तर खाली जाणं हे न सांगताच अपेक्षित आहे. ३ जीईव्हीच्या टकरींत स्टारला ते चांगलंच खाली मिळालं, आणि क्वार्क-ग्लुऑनचा मागमूस नसलेल्या साध्या प्रतिमानाशी ते जुळलं.

मग केंद्रीयता. दोन केंद्रकं अगदी समोरासमोर आदळली की किंचित कडेने, हे आपल्या हातात नसतं. बाहेर आलेल्या कणांच्या संख्येवरून ते ठरवतात. एकाच गठ्ठ्यात थोड्या मोठ्या आणि थोड्या लहान टकरी पडल्या तर वितरण उगाच रुंदावतं. त्यावर उपाय म्हणून कणसंख्येच्या प्रत्येक आकड्यासाठी वेगळे क्युम्युलंट काढून मग सरासरी घ्यायची. आणि केंद्रीयता ठरवताना प्रोटॉन वगळायचे. नाहीतर ज्याचं मोजमाप करायचं त्याच्यानेच वर्गवारी केल्यासारखं होतं. नव्या मुलांकडून हे हमखास राहून जातं.

यंत्राची कार्यक्षमताही खेळ करते. दहापैकी सात प्रोटॉनच सापडत असतील तर गुणोत्तर १ कडे ओढलं जातं, म्हणजे खरा सिग्नल असला तरी पुसट होतो. तो उलटा काढता येतो, पण त्यासाठी कार्यक्षमता आधी अचूक हवी. न्यूट्रॉन तर दिसतच नाहीत. प्रोटॉनवरून बॅरिऑनचा अंदाज करायचा. किरणनळीच्या धातूवर कण आपटून उडालेले प्रोटॉनही मिसळतात, म्हणून अगदी मंद प्रोटॉन सोडून द्यावे लागतात.

आणि एक कारण मला सर्वांत जास्त धाकात ठेवणारं. स्थिर लक्ष्यावरच्या प्रयोगात कधीतरी दोन टकरी एकाच वेळी होतात आणि यंत्र त्यांना एकच समजतं. समजा, सरासरी १० प्रोटॉनचं साधं पॉइसाँ वितरण (एकमेकांशी संबंध न ठेवता येणाऱ्या कणांचं) आहे आणि दर हजार टकरींत फक्त एक अशी जोडटक्कर घुसली. सरासरी जेमतेम हलते. रुंदीही जवळपास तीच राहते. पण चौथ्या आणि दुसऱ्या क्युम्युलंटचं गुणोत्तर १ वरून सुमारे २.६ वर जातं. पाहिजे तसा क्रांतिक बिंदू हजारात एका चुकीने तयार. सातव्या घाताचा जो फायदा म्हणून आपण चौथा क्युम्युलंट निवडला, तीच संवेदनशीलता इथे मुळावर येते. म्हणून कुणी नवा आलेख दाखवला की मी आधी जोडटकरी कशा काढल्या ते विचारतो, भौतिकशास्त्र नंतर.

आता प्रत्यक्ष काय मिळालंय ते. पहिल्या फेरीच्या डेटावरून स्टारने २०२१ मध्ये सांगितलं की गुणोत्तर ऊर्जेनुसार सरळ एका दिशेने न जाता वर-खाली होतं, आणि त्याची सांख्यिकीय वजनदारी ३.१ सिग्मा (सिग्मा म्हणजे मोजमापातल्या अनिश्चिततेचं माप; या क्षेत्रात ५ सिग्मा झाल्यावरच शोध मानतात). ७.७ जीईव्हीचा बिंदू वर गेल्यासारखा वाटत होता, पण तिथे टकरी जेमतेम ३० लाख होत्या आणि त्रुटीची रेघ लांबलचक. दुसऱ्या फेरीत टकरी दहापटीहून जास्त मिळाल्या. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निकालांत ती उसळी उरली नाही. उलट १९.६ जीईव्हीच्या आसपास मोजलेलं गुणोत्तर क्रांतिक बिंदू नसलेल्या हिशेबांपेक्षा खाली दिसतं. किती खाली, ते तुम्ही कुठला हिशेब धरता यावर, २ ते ५ सिग्मा. हा पल्ला नीट वाचा. मोजमाप एकच आहे. बदलतोय तो विसर्ग नसतानाच्या पातळीचा अंदाज.

पहिल्या प्रकारच्या अवस्थांतरासाठी इतरही खुणा तपासतात. ७.६ जीईव्हीजवळ केऑन आणि पायऑन या दोन मेसॉन जातीच्या कणांच्या प्रमाणात सर्नमधल्या एनए४९ प्रयोगाला दिसलेलं टोक आणि प्रोटॉनच्या आडव्या प्रवाहाचा उतार बदलणं, या दोन जास्त चर्चेतल्या. त्यातल्या टोकाचा मोठा भाग बॅरिऑनबहुल द्रव्याकडून मेसॉनबहुल द्रव्याकडे होणाऱ्या साध्या संक्रमणातूनही येतो, म्हणून मी त्यावर फार भर देत नाही. मला जास्त आशा वाटते ती इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्यांची. त्या द्रव्यात अडकत नाहीत, आतली गरमी थेट घेऊन बाहेर येतात. जीएसआयच्या हेडिस प्रयोगाने २०१९ मध्ये अशा जोड्यांवरून सोन्याच्या टकरींत सुमारे ७२ एमईव्ही तापमान मोजलं. ऊर्जा टप्प्याटप्प्याने बदलत हेच मोजलं आणि कुठे काटा थांबला, तर तुमच्या पाण्याच्या आलेखाचा खरा भाऊबंद तो असेल. डार्मश्टाटलाच उभ्या राहणाऱ्या फेअर प्रकल्पातला सीबीएम प्रयोग बरोबर त्या ऊर्जेसाठी आहे, सेकंदाला एक कोटी टकरी घेण्याच्या तयारीने. त्याच्या म्युऑन शोधकाचं मोठं काम कोलकात्याच्या व्हीईसीसी या संशोधन संस्थेकडे आहे.

मला कशाने पटेल? ऊर्जा उतरवताना गुणोत्तर आधी खाली आणि मग वर गेलं, प्रोटॉन मोजण्याची खिडकी (किती दिशांचे आणि वेगांचे प्रोटॉन धरायचे ती मर्यादा) रुंद केल्यावर तो परिणाम झपाट्याने वाढला, आणि तिसऱ्या व चौथ्या क्युम्युलंटने ऊर्जेच्या एकाच पट्ट्यात तोंड वळवलं, तर. तिन्ही एकत्र यायला हवं. एकेकट्याला नीरस स्पष्टीकरण सापडतं.

शेवटी, सांगलीत बसून हे करून बघता येईल का, असं तुम्ही विचारलं नाही, पण विचाराल. येईल, आणि त्याला त्वरक लागत नाही. पायथनमध्ये सरासरी १० चं पॉइसाँ वितरण घ्या, दहा लाख खोट्या टकरी तयार करा, गुणोत्तर काढा. १ च्या अगदी जवळ येईल, साधारण ०.०५ इकडे-तिकडे. मग हजारात एक जोडटक्कर घाला. नंतर ३९४ न्यूक्लिऑनांतून द्विपद वाटणीने p ०.०५, ०.१ आणि ०.२ ठेवून बघा, ०.२ ला गुणोत्तर जवळजवळ शून्यावर आलेलं दिसेल. सगळं झाल्यावर टकरी दहा लाखांऐवजी दहा हजार करा आणि तोच प्रयोग पाच-सहा वेळा चालवा. प्रत्येक वेळी निराळा आकडा येईल, आणि त्यातला एखादा तुम्हाला क्रांतिक बिंदूसारखा वाटेल. आकडे आले की कळवा, मग कार्यक्षमतेची दुरुस्ती कशी घालायची ते सांगतो.